सुधाकराचा खरा शत्रु

परवां भाज्याचीं लेणीं पाहून उतरतांना एका विद्वान् स्नेह्यानें गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ (१९१९) हें निव्वळ मद्यनिषेधाचें नाटक ठरविलें. हें मत आम्हांस साफ अमान्य आहे! सुधाकर बुद्धिमान् व मानी वकील. सनद कांहीं काळ रद्द झाल्याचा अपमान सोसवेना, तेव्हां प्याला हातीं आला. पुढें दारू सोडली. पण नोकरीच्या शोधांत अवहेलना होतांच पुन्हां तोच प्याला! ज्या मानीपणानें तो मोठा, त्यानेंच तो बुडाला. आफ्रिकेंतील चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) मधील पराक्रमी ओकोन्क्वो दारूपायीं नव्हे, तर दुबळा ठरण्याच्या भीतीनें आपणांस बाप म्हणणाऱ्या पोरावर शस्त्र चालवितो. गुणच उलटतो, तेथें शोकांतिका जन्मते. केवळ प्याला फोडून सुधाकर वांचला नसता!