जुना ट्रक कोरा करू नका, नीट करा

आपल्या शाळेच्या वस्तुसंग्रहासाठी एका माजी विद्यार्थ्याने रेडिओ कंट्रोलवर चालणारा जुना ट्रक भेट दिला आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९८१ साली काढलेली, टोयोटा हायलक्स गाडीची ही एक-दशांश आकाराची प्रतिकृती. सुटे भाग आणून तो घरी जोडावा लागे. धातूची चौकट, खऱ्या ट्रकसारखे पाटे, तीन गिअर आणि चारही चाकांना गती! आज मात्र टायरांना चिरा पडल्या आहेत, प्लास्टिक पिवळे पडले आहे आणि रिमोटमधील सेल पाझरून पत्र्यांवर थर चढला आहे.

काही पालकांचे म्हणणे असे की, ट्रक बाहेर देऊन रंगवून घ्यावा, नवे स्टिकर लावावेत. म्हणजे पाहुण्यांसमोर शोभेल. त्यांची हौस आम्ही समजतो. पण आमचे मत वेगळे आहे. कोराच ट्रक हवा असेल तर तो विकत मिळू शकतो. याच घराण्यातील १९८५ चा ‘ब्रुझर’ कंपनीने २०१२ मध्ये पुन्हा काढला होता. आपल्याकडे आहे तो मात्र कोणा मुलाने स्वतः जोडलेला, अंगणात पळवलेला. त्याचे तिरके स्टिकर आणि ओरखडे हाच त्याचा इतिहास. रंगाचा एक हात फिरला की तो गेला; मग परत आणता येणार नाही.

म्हणून मळ काढावा, खूण ठेवावी. आणि हे काम आठवी-नववीच्या मुलामुलींनीच करावे. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. प्रत्येक स्क्रू नाव घातलेल्या डबीत ठेवावा. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाचे पाणी पुरे. थिनर नको, तो प्लास्टिक विरघळवतो. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी असतो, त्यामुळे व्हिनेगरच्या बोळ्याने तो निघतो. रसायनशास्त्राचा हा धडा फळ्यावरच्यापेक्षा पक्का बसेल. हातमोजे, चष्मा आणि शिक्षकांची उपस्थिती मात्र हवीच. निकेल-कॅडमियमची जुनी बॅटरी काढून टाकावी. कॅडमियम विषारी असल्याने ती कचऱ्यात न टाकता बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी. मांडताना ट्रक लाकडी ठोकळ्यावर ठेवावा, म्हणजे टायरांवर भार येणार नाही. कपाटावर ऊनही पडू नये.

मुलांच्या हातून काही मोडले तर? ही शंका रास्त आहे. त्यासाठी आधी मोडक्या खेळण्यांवर हात बसवावा, मगच ट्रकला हात लावावा. पण मोडेल म्हणून हातच लावू न देणे आम्हांस पटत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच बडोद्यात कलाभवन काढले, ते हाताला कसब यावे म्हणूनच. त्या गावच्या मुलांनी स्क्रू पिळायला बाहेरचा माणूस शोधावा काय?

विश्वस्त मंडळास आमची विनंती एवढीच, की रंगकामाचा विचार सोडून प्रयोगशाळा महिनाभर शनिवारी दुपारी उघडी ठेवावी. ज्या पालकांना सोल्डरिंगचे काम येते त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. आणि ट्रकशेजारी पाटी लावावी: कोणते भाग मूळचे, कोणते बदलले, कोणी आणि कधी. पाहणाऱ्याला खरे कळले पाहिजे.