विरजण आधी काढा

ज्वारीचं बी घरचं राखणारा शेतकरी खळ्यावर उरल्यासुरल्या दाण्यांतून बी काढत नाही. पीक उभं असतानाच भरदार कणसं हेरून ठेवतो. विरजणाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करतो. दह्याच्या पातेल्यात दिवसभर चार जणांचे चमचे फिरतात आणि रात्री तळाशी जे आंबटढाण उरतं, तेच दुधात कालवतो. सकाळी दही आंबट, तार सुटलेलं. दोष दूधवाल्याला!

आदिलाबादेत हे जरा जास्तच भोवतं. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. दह्याचे जिवाणू ४० ते ४५ अंशांत जोमाने वाढतात. म्हणून उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं आणि तसंच बाहेर राहिलं तर आंबटच होत जातं. दह्यात वेगवेगळ्या जातींचे जिवाणू असतात. आंबटपणा वाढला की काही जाती थकतात आणि जास्त आंबट करणाऱ्या टिकतात. शिळ्या विरजणाचं दही दर खेपेला अधिक आंबट होतं ते यामुळे.

तेव्हा दही लागलं की कुणी चमचा बुडवायच्या आधी छोटी वाटी भरून घ्या. वाटी आणि चमचा उकळत्या पाण्यातून काढलेला, कोरडा हवा. वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत वापरा. आंबिलीचं आंबवण राखत असाल तर शिजवायच्या आधीच काढा. शिजवलेल्यात जिवंत काही उरत नाही.

बिअर बनवणारे यात आपल्यापेक्षा शिस्तीचे. पिंपाच्या तळाचा साका उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळतात, जड गाळ खाली बसू देतात, वरचं दुधाळ पाणी तेवढं ओतून घेऊन थंड जागी ठेवतात. तेच यीस्ट पुढच्या घाण्याला. तरीही काही खेपांनंतर जुनं टाकून नवं आणतात. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर-कारखान्याच्या एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, ते बिअर बिघडण्याला कंटाळूनच. (परवान्याशिवाय घरी बिअर करणं पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, तेलंगणात आणि महाराष्ट्रातही, गुन्हा आहे. शिस्त तेवढी उचला.)

विरजणावर गुलाबी, नारिंगी डाग किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नका. सगळं फेका, भांडं उकळा. मग शेजारी जाऊन वाटीभर मागून आणा, आणि ते चांगलं लागलं की त्यांनाही विचारा, तुम्हाला हवं का?