ब्रेकची रेघ

ईदनंतरच्या रविवारी आम्ही घरची मंडळी महाडहून हिरकणीवाडीला निघालो. रायगडच्या रोपवेत बसायची मुलांची फार दिवसांची हौस होती. गाडी भाचा चालवत होता. समोर घट्ट बसवलेल्या मोबाइलवर त्याने त्वरण नोंदवणारे अ‍ॅप चालू ठेवले होते. शर्यतीच्या ट्रॅकवरचे चालक असाच आलेख तपासतात, असे तो अभिमानाने सांगत होता. मागे बसलेल्या अम्मी मात्र घाटात प्रत्येक वळणाला पुढची सीट धरत होत्या.

हिरकणीवाडीत चहा घेताना आम्ही तो आलेख पाहिला. वेग वाढवतानाची रेघ 0.2 'जी'च्या वर गेली नव्हती. ब्रेकची रेघ मात्र चार ठिकाणी 0.5 'जी'ला टेकली होती. 'जी' म्हणजे शाळेत शिकवतो तेच गुरुत्व त्वरण, 9.8. अर्धा 'जी' ब्रेक म्हणजे अम्मींना जागेवर थोपवायला त्यांच्या निम्म्या वजनाइतका जोर लागणार. घाटातला चढ-उतारही या आकड्यात मिसळतो, म्हणून तो ढोबळ समजावा.

मग कागदावर हिशेब मांडला. याच ब्रेकने ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी सुमारे 13 मीटरमध्ये थांबते आणि 60 वेगाची सुमारे 28 मीटरमध्ये. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट! पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे 11 आणि 17 मीटर आणखी मिळवा. घाटातल्या वळणापलीकडे एवढा रस्ता दिसतो का?

दुसरी गोष्ट पकडीची. टायरची पकड मर्यादित असते, आणि ब्रेक व वळण यांत ती वाटली जाते. वळणातच जोरात ब्रेक दाबला, तर वळायला पकड कमी उरते. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर ती आधीच घटलेली असते. म्हणून वळणाआधी, सरळ रस्त्यावरच वेग उतरवावा आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा. ट्रॅकवरही हाच पहिला धडा असतो.

भाचा गप्प होता. परतताना ब्रेकची रेघ 0.3च्या पुढे गेली नाही. वेळ किती जास्त लागला? पाच मिनिटे. या वेळी अम्मींच्या हातात तसबीह होती.

हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या नसीहतीत चाल मध्यम ठेवण्याचीही शिकवण आहे. घरातला मुलगा गाडी घेऊन आला की "किती वेळात पोहोचलास?" असे आपण कौतुकाने विचारतो. त्याऐवजी "ब्रेक किती वेळा जोरात दाबावा लागला?" हे विचारून पाहावे.