‘झी’ची मालकी आणि ‘स्वदेशी’ची दंतकथा

१/ २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी टीव्ही’ सुरू झाली आणि एक दंतकथा जन्माला आली: सरकारी मक्तेदारी मोडणारी स्वदेशी वाहिनी. मक्तेदारी मोडली, हे खरे. ‘स्वदेशी’ हे विशेषण मात्र मालकीच्या कागदांपुढे टिकत नाही.

२/ १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यामुळे देशातून प्रक्षेपण करण्याचा अधिकार सरकारच्याच हाती होता. हिसारच्या व्यापारी घराण्यातील सुभाष चंद्रा यांनी आकाशातून वाट काढली. हाँगकाँगच्या एशियासॅट-१ या उपग्रहावरील जागा त्यांनी ‘स्टार’कडून भाड्याने मिळवली. धाडस निर्विवाद, पण वाहिनी पहिल्या दिवसापासून भाडेकरू होती.

३/ ‘स्टार’ तेव्हा ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाची. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी तिचा ६३.६ टक्के हिस्सा घेतला. घरमालक बदलला. पाठोपाठ ‘झी’चे प्रक्षेपण सांभाळणाऱ्या ‘एशिया टुडे’ कंपनीतही मर्डॉक जवळपास निम्मे भागीदार झाले. हा हिस्सा सोडवून घेण्यास १९९९ साल उजाडले आणि सुमारे ३० कोटी डॉलर मोजावे लागले.

४/ ‘शेवटी मालकी परत आलीच ना?’ असा युक्तिवाद होतो. आली, आणि पुन्हा गेली. वाहिनी नफ्यात असताना समूहाचे अन्य उद्योग कर्जात बुडाले. त्यासाठी वाहिनीचे समभाग गहाण पडले. जानेवारी २०१९ मध्ये चंद्रा यांनी खुल्या पत्राद्वारे कर्जदात्यांची माफी मागितली. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला प्रवर्तकांचा हिस्सा अखेर चार टक्क्यांपर्यंत घसरला.

५/ २०२१ साली सोनीशी विलीनीकरणाचा करार झाला. जानेवारी २०२४ मध्ये सोनीने तो मोडला. २०२५ साली हिस्सा वाढवण्याचा प्रवर्तकांचा ठराव आवश्यक तीन-चतुर्थांश मतांअभावी बारगळला. या साऱ्या घडामोडींत धनको होते, भागधारक होते. प्रेक्षक कुठेच नव्हता.

६/ वास्तविक ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात निःसंदिग्ध निर्वाळा दिला होता: प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नव्हे, तशीच भांडवलदाराचीही नव्हे. पहिला अर्धा भाग सर्वांनी उचलून धरला. दुसरा सोयीस्करपणे विसरला गेला.

७/ या विस्मृतीची किंमत इतिहासाला मोजावी लागते. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आली. तीच आजची ‘झी मराठी’. ‘आभाळमाया’पासून पुढची पाव शतकाची मराठी बोली, घरे, वेशभूषा, स्वप्ने तिच्या फितींत साठली आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत जमा करावी लागते. वाहिन्यांवर असे बंधन नाही. परवान्याच्या अटी प्रक्षेपित कार्यक्रमांचे मुद्रण जपायला सांगतात ते अवघे ९० दिवस!

८/ म्हणजे १९९९ सालचे एखादे सामान्य पुस्तकही अभ्यासकाला शोधता येईल; त्याच वर्षी लाखो घरांत पाहिलेली मालिका मात्र मालकाच्या मर्जीवर. आणि मालक कोण, हे उद्याचा कर्जरोखा ठरवणार.

९/ म्हणून ‘वाहिनी देशी की विदेशी’ हा वादच फसवा आहे. लहरी सार्वजनिक असतील, तर त्यांवरून जे वाहिले त्याची एक प्रत सार्वजनिक अभिलेखागारात जमा झालीच पाहिजे. मालक बदलत राहतील. स्मृती गहाण पडता कामा नये.