आधी डिपस्टिक काढून बघा

‘रोटरी इंजिन टिकत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: गाडीतलं तेल तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? उत्तर मिळत नाही, राग मिळतो.

मी इंग्लंडात राहतो. २००३ साली आलेली माझदाची आरएक्स-८ इथे जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळते. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं रोटरी इंजिन, मागच्या चाकांना ताकद, देखणं रूप. लोक हुरळतात आणि घेतात. मग पहिला पगार कशावर जातो? काळ्या अलॉय चाकांवर आणि कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरवर. कॉइल, कूलंट, तेल यांच्यासाठी खिशात दमडी नसते. वर्षभरात इंजिन बसतं आणि हा माणूस माझदाच्या नावाने बोटं मोडत फिरतो.

या इंजिनात पिस्टन नाही. त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरचे सील हाऊसिंगच्या आतल्या भिंतीला घासत जातात. त्या सीलना वंगण हवं म्हणून इंजिन मुद्दाम, ठरवून तेल जाळतं. ही त्याची रचना आहे, तो बिघाड नव्हे. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची आणि कमी असेल तेवढं तेल भरायचं, एवढंच काम. तेही जमत नसेल तर बस पकडा. गाडी अंगणातून रस्त्यावर आणायला थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करणारेही कमी नाहीत. न जळलेलं पेट्रोल आतच राहतं, भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, कॉम्प्रेशन जातं आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. दोष पुन्हा इंजिनाचा!

कॉइलचं तर विचारूच नका. चार कॉइल, चार प्लग. कॉइल म्हातारे झाले की ठिणगी अशक्त होते, कच्चं पेट्रोल धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, तो वितळून तुंबतो आणि अडकलेली उष्णता मागे इंजिनातच कोंडते. कॉइलचे पैसे वाचवणारा अख्ख्या इंजिनाचा बळी देतो. हे कुठलंही गूढ नाही. गाडीची माहिती वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने वाचण्याचे कष्ट घेतलेले नाहीत.

बदनामीला इतिहास आहे, हे मी नाकारत नाही. १९६७ साली जर्मनीच्या एनएसयूने आरओ ८० आणली. सील लवकर झिजले, हमीपोटी इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ साली ती ऑडीत विलीन झाली. पण त्याच १९६७ साली माझदाने कॉस्मो स्पोर्ट विकायला काढली. केनिची यामामोतो आणि त्यांचे अभियंते हाऊसिंगवर उमटणाऱ्या ओरखड्यांशी वर्षानुवर्षं झुंजले होते. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. १९९१ साली माझदाच्याच चार रोटरच्या ७८७बीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. चोवीस तास सलग पळून जिंकणारं इंजिन तुमच्या हातात वर्षभरही टिकत नसेल, तर आधी हात तपासा.

जुनी गाडी विकणारे या मालकांहून नीच. झिजलेलं रोटरी इंजिन थंड असताना सुरू होतं, गरम झाल्यावर होत नाही. म्हणून गिऱ्हाईक आलं की गाडी थंड ठेवतात. मी एकाला म्हणालो, वीस मिनिटं चालवू, बंद करू, पुन्हा सुरू करून दाखवा. त्याला तेवढ्यात महत्त्वाचं काम आठवलं. दुसऱ्याने कॉम्प्रेशनचा कागद पुढे केला, त्यावर प्रत्येक रोटरचा एकच आकडा. रोटरला तीन बाजू असतात. साधा पिस्टनचा गेज तिन्हींतला फक्त सर्वांत चांगला आकडा दाखवतो. दोन रोटरचे प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण सहा आकडे हवेत, आणि २५० फेऱ्यांना एकही ६८० किलोपास्कलच्या खाली नको. तो कागद नसेल तर इंजिन मेलेलं धरूनच भाव करा. वाकून मागच्या चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्याही बघा. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथूनच पत्रा खातं.

रोटरी उपसून व्ही-८ बसवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्यांना ही गाडी नकोच होती.

माझा खरा संताप ‘रिबिल्ट इंजिन’ विकणाऱ्यांवर आहे. इंजिन उघडायचं, ओरखडलेली जुनी हाऊसिंग पुसायची, त्यांवर नवे सील बसवायचे आणि नव्याच्या तोऱ्यात विकायचं. खडबडीत भिंत ते सील काही महिन्यांत खाऊन टाकते आणि तोवर दुकानदार फोन उचलेनासा होतो. बांधणीआधी हाऊसिंग आणि बाजूच्या बिडाच्या पाट्या मोजून घ्या, समोर उभं राहून. पावतीवर हाऊसिंग नवी की जुनी हे लिहिलेलं नसेल, तर एक पैसाही देऊ नका.