विश्लेषण : माशांचा 'दवाखाना' धोक्यात का आला? कॅरिबियनमधील इवल्या कोळंबीचे समुद्रफुलाशी नाते काय?

समुद्र तापला की चर्चा होते ती पांढऱ्या पडणाऱ्या प्रवाळांची. पण माशांच्या अंगावरचे परजीवी वेचणाऱ्या पेडर्सन कोळंबीचे घरही त्याच उष्णतेच्या तडाख्यात सापडते.

ही कोळंबी करते काय?
फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रात आढळणारी ही कोळंबी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. शरीर पारदर्शक, त्यावर जांभळ्या-निळ्या खुणा. माशांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले, अगदी तोंडातलेही परजीवी ती खाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेथील तीन सफाई कोळंब्यांची तुलना झाली. माशांवरील परजीवी लक्षणीय घटवले ते फक्त पेडर्सन कोळंबीने.

मासे तिला गिळत का नाहीत?
दोघांत इशारे ठरलेले आहेत. कोळंबी मिशा हलवते, मासा अंगाचा रंग गडद करतो, मग सफाई सुरू होते. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवले. टॅबलेटवर नुसती गडद आकृती दाखवली तरी कोळंबीने प्रतिसाद दिला.

समुद्रफूल कशासाठी?
पिळदार शुंडकांचे समुद्रफूल, म्हणजेच सी ॲनिमोन, हे तिचे मुख्य घर. डंख मारणाऱ्या शुंडकांत तिला संरक्षण मिळते. शिवाय २०१२ च्या एका अभ्यासानुसार मासे हे समुद्रफूल पाहूनच सफाईच्या जागी येतात. कोळंबी पारदर्शक असल्याने दवाखान्याची पाटी समुद्रफुलाचीच!

मग उष्णतेचा फटका कसा?
प्रवाळांप्रमाणेच या समुद्रफुलाच्या पेशींतही सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. पाणी तापले की हे शैवाल निघून जाते. समुद्रफूल पांढरे पडते, आक्रसते, कधी मरते. जागतिक प्रवाळ विरंजनाची चौथी लाट सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. २०२३ पासूनच्या या लाटेत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनास पुरेशी उष्णता सोसावी लागली. आपल्या लक्षद्वीपमध्येही २०२४ मध्ये मोठे विरंजन झाले.

पुढे काय?
पाणी वेळेत थंड झाले तर समुद्रफूल सावरू शकते. पण उष्णतेच्या लाटा लागोपाठ आल्या तर तेवढी उसंत मिळत नाही. त्यामुळे प्रवाळभित्तीचे नुकसान मोजताना किती प्रवाळ उरले, एवढेच पाहून भागणार नाही. तिथल्या माशांचे दवाखाने किती उरले, हेही मोजावे लागेल.