तीस हजारांचा माईक कशाला? पाच-सहा हजारांत काम होतं!



"सर, व्यवसायासाठी व्हिडिओ सुरू करायचेत, माईक कुठला घेऊ?" हा प्रश्न मला जितका येतो, तितका "ग्राहक कुठून आणू?" हासुद्धा येत नाही. आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. मोठमोठ्या पॉडकास्टमध्ये बोलणाऱ्याच्या तोंडासमोर जो काळा, जाडजूड माईक दिसतो ना, तोच हवा असतो. म्हणजे शूअर कंपनीचा एसएम७बी. आपल्याकडे त्याची किंमत तीस हजारांच्या पुढेच जाते.

माझं मत स्पष्ट आहे. व्यवसाय नवीन असेल तर तो माईक घेऊ नका. ईएमआयवर तर अजिबात नको. पण "मोबाईलचाच माईक पुरे" असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. या दोन्हीच्या मधला रस्ता आहे, तो स्वस्तही आहे. आज तोच सांगतो.

तो माईक इतका गाजला का?

एसएम७ हे मूळ मॉडेल १९७३ सालचं. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बमसाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिएन यांनी त्याचा आवाज एसएम७ वर रेकॉर्ड केला, आणि माईकचं नाव झालं. आजचा एसएम७बी २००१ मध्ये आला. माईक उत्तमच आहे, त्यात वाद नाही.

पण एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. हा माईक फार हळू आवाज देतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. घरगुती रेकॉर्डिंगसाठी लोक सर्रास घेतात तो फोकसराइटचा स्कार्लेट सोलो इंटरफेस. त्याच्या तिसऱ्या पिढीच्या मॉडेलचा गेन ५६ डेसिबलला संपतो. मग आवाज बारीक येतो, वाढवला की मागे 'स्स्स' ऐकू येतं. मग कुणीतरी सांगतं, क्लाउडलिफ्टर घे. तो साधारण २५ डेसिबल वाढवून देतो, पण त्याचे पैसे वेगळे. शिवाय इंटरफेस, केबल, स्टँड. म्हणजे माईक घेतला तीस हजारांचा आणि बिल झालं पन्नासच्या घरात!

आता हाच पैसा व्यवसायाच्या बाजूने बघा. समजा एखाद्या ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. एवढ्या रकमेत पाउच सील करायचं चांगलं मशीन येईल, लेबलं छापून होतील, वर पहिल्या महिन्याचा कच्चा माल भरता येईल. यातून माल विकला जातो. माईकमधून माल विकला जात नाही, तुम्ही काय बोलता त्यातून विकला जातो.

मग डायनॅमिक माईकच का?

कारण आपली घरं. खाली रिक्षा, शेजारी मिक्सर, आत कुकरची शिट्टी, डोक्यावर पंखा. कंडेन्सर माईक जास्त संवेदनशील असतो, तो हे सगळं टिपतो. वर टाइल्सच्या रिकाम्या खोलीचा घुमणारा आवाजही टिपतो. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून सिग्नल तयार होतो. तो लांबच्या बारीकसारीक आवाजाला तितकी दाद देत नाही. तुम्ही जवळ येऊन बोललात की तुमचाच आवाज पुढे येतो.

म्हणून ऑनलाइन दिसणारे ते दीड-दोन हजारांचे बीएम-८०० सारखे 'स्टुडिओ माईक' सेट घेताना सावध राहा. दिसायला भारी, पण आत कंडेन्सर असतो. स्टुडिओ तुमच्याकडे नाही, स्वयंपाकघर आहे.

पर्याय काय आहेत?

किमती रोज बदलतात, सेलमध्ये फरक पडतो. त्यामुळे आकडे ढोबळ धरा आणि घ्यायच्या दिवशी तपासा.

१. फिफाइन एएम८. पाच हजारांच्या आसपास मिळतो. डायनॅमिक आहे, यूएसबीने थेट लॅपटॉपला लागतो आणि एक्सएलआर सोयही आहे. म्हणजे उद्या इंटरफेस घेतलात तरी माईक वाया जात नाही. सोबत छोटा स्टँड येतो. त्यातले रंगीत दिवे आणि म्यूट बटण फक्त यूएसबीवर चालतात, एवढं लक्षात ठेवा. याच जातीतला माओनोचा पीडी२००एक्स. बहुतेकांसाठी माझी शिफारस या दोघांतला जो स्वस्त मिळेल तो.

२. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स. हेही यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही. हातात धरायच्या माईकसारखे दिसतात, म्हणून कॅमेऱ्यापुढे 'पॉडकास्टवाले' वाटत नाहीत. पण जगभरात नवशिक्यांना वर्षानुवर्षं हेच सुचवले जातात. चांगल्या दरात मिळाले तर बिनधास्त घ्या.

३. बेहरिंगर एक्सएम८५००. दोन-अडीच हजारांच्या आसपासचा साधा एक्सएलआर माईक. पैशाच्या मानाने आवाज फार छान. पण त्याला इंटरफेस किंवा मिक्सर लागतो. भजनी मंडळाचा किंवा मंडपवाल्या मित्राचा छोटा यूएसबी मिक्सर हाताशी असेल तरच हा स्वस्त पडतो. नाहीतर इंटरफेस धरून पहिल्या पर्यायापेक्षा महाग होतो.

४. बोया बीवाय-एम१ हा कॉलर माईक. हजाराच्या आत येतो, ६ मीटर वायर आहे. हा डायनॅमिक नाही, चारही बाजूंचा आवाज घेतो. पण तुम्ही चालत-फिरत काही करून दाखवत असाल, पदार्थ किंवा शिलाई, तर टेबलावरचा माईक कामाचाच नाही. तिथे हाच बरा. फक्त पंखा आणि मिक्सर बंद ठेवा.

यूएसबी माईक मोबाईलला जोडायचा असेल तर ओटीजी लागेल. सगळे मोबाईल माईकला पुरेशी वीज देत नाहीत, म्हणून परत करायच्या मुदतीतच जोडून बघा. आणि दहा हजारांच्या आसपासचा शूअर एसएम५८ कुणी दोन हजारांत देत असेल, तर तो नकली आहे असंच समजा.

फुकटातली सुधारणा

माईक तोंडापासून ३२ इंचांवर आहे, तो ४ इंचांवर आणा. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो. ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४. तीनदा निम्मं, म्हणजे सुमारे १८ डेसिबल! खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. ज्यासाठी लोक हजारो रुपयांचा डबा घेतात, त्यातलं बरंचसं काम खुर्ची पुढे सरकवून होतं.

चार बोटं अंतर ठेवा. माईक थोडा तिरका धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. समोर आणि मागे जाड चादर किंवा गोधडी टांगा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलात तरी घुमणं कमी होतं. लेव्हल अशी ठेवा की मोठ्याने बोललात तरी ऑडॅसिटीत आकडा उणे ६ च्या वर जाणार नाही. ऑडॅसिटी फुकट आहे.

महाग माईक कधी घ्यायचा?

आवाजच तुमचा माल असेल तेव्हा. व्हॉइसओव्हर करता, ऑडिओबुक वाचता, पैसे घेऊन कोर्स विकता, तर तो माईक तुमचं यंत्र आहे. पण तिथेही माझा नियम एकच: माईकचे पैसे त्याच कामाच्या कमाईतून निघायला हवेत, बचतीतून किंवा कर्जातून नाही.

"सर, पण चांगला माईक दिसला की लोकांवर छाप पडते." पडते, मान्य आहे. पण तुमचा ग्राहक बसमध्ये, दुकानात, भाजी निवडताना मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतो. तिथे तीस हजार आणि पाच हजार यांतला फरक कळत नाही. आवाज घुमतोय, शब्द कळत नाहीत, हे मात्र लगेच कळतं आणि तो पुढे सरकतो. म्हणून स्पष्ट आवाजापुरता खर्च करा, त्याच्या पुढे थांबा.

खरं सांगू का? अनेकांसाठी 'चांगला माईक आल्यावर सुरू करतो' हे न सुरू करण्याचं निमित्त असतं. सहा महिने तुलनेचे व्हिडिओ बघण्यात जातात. तोपर्यंत शेजारच्या गल्लीतला माणूस साध्या माईकवर पन्नास व्हिडिओ करून ऑर्डर घेत असतो.

या आठवड्याचं काम लिहून घ्या. एका मिनिटाचं बोलणं तयार करा: तुम्ही काय विकता, कोणासाठी, आणि किती रुपयांना. मोबाईल चार बोटांवर धरून, गोधडी टांगून, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. घरातल्या दोघांना दुसऱ्या खोलीत मोबाईलवर ऐकवा. शब्द न् शब्द कळला तर आजच व्हिडिओ टाका. नाही कळला तर वरच्या यादीतला एक माईक मागवा. पण बोलणं तेच ठेवा, आणि तारीख पुढे ढकलू नका.